पारी-जीपी : मोठ्या संख्येचे गुणधर्म तपासण्याच्या साधनाचे परीक्षण

वीस-पंचवीस अंकी पूर्ण संख्या समोर ठेवून ती मूळ आहे की संयुक्त, संयुक्त असल्यास तिचे मूळ अवयव कोणते, तिला एकूण विभाजक किती, ती दोन वर्गांच्या बेरजेच्या रूपात मांडता येते का, असे प्रश्न ज्याला पडतात, त्याला नेहमीची साधने फार लवकर अपुरी पडतात. महाविद्यालये सुरू होण्याच्या दिवसांत सोलापूरच्या नवी पेठेतील दुकानांतून जे सायंटिफिक कॅल्क्युलेटर विकले जातात, त्यांच्या पडद्यावर साधारणपणे दहा अंक मावतात आणि त्यापुढची संख्या दहाच्या घाताच्या रूपात, म्हणजे शेवटचे अंक गाळून, दाखवली जाते. काही कॅल्क्युलेटरांत मूळ अवयव पाडण्याची सोय असते आणि ती उपयुक्तही आहे; परंतु ती तीन अंकी मूळ संख्यांपर्यंतच भागून पाहते, आणि उरलेला भाग १००९ च्या वर्गाएवढा, म्हणजे १०१८०८१ किंवा त्याहून मोठा असेल, तर तो न फोडता कंसात ठेवते. संगणकावरील स्प्रेडशीट पंधरा सार्थ अंकांनंतर सरळ शून्ये भरते. मोठ्या पूर्ण संख्येचा शेवटचा एक अंक बदलला तरी तिचे सगळे गुणधर्म बदलतात, त्यामुळे सुमारे बरोबर असलेले उत्तर या विषयात कामाचे नसते.

पारी-जीपी हा प्रोग्राम नेमक्या याच गरजेसाठी तयार झालेला आहे. फ्रान्समधील बोर्दो विद्यापीठात आंरी कोएन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली त्याचे काम सुरू केले. आज करीम बेलाबास आणि बिल अलोंबेर यांच्यासह अनेक गणिती त्याची देखभाल करतात. तो मुक्त परवान्याखाली मिळतो, म्हणजे त्याला पैसे पडत नाहीत आणि त्याची मूळ आज्ञावलीही कोणालाही वाचता येते. विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिन्हींवर तो बसवता येतो, अँड्रॉइड फोनसाठी पारीड्रॉइड नावाचे ॲप आहे, आणि काहीही न बसवता ब्राउझरच्या पानावर चालणारी आवृत्तीही उपलब्ध आहे. त्या पानाची एक विशेष गोष्ट अशी की एकदा ते उघडले की आकडेमोड दूरच्या सर्व्हरवर न होता आपल्याच यंत्रावर होते. मी सोलापुरात बारावी आणि बी.एस्सी.च्या विद्यार्थ्यांना संख्यासिद्धांत शिकवताना तो प्रयोगशाळेतील जुन्या संगणकांवर आणि विद्यार्थ्यांच्या फोनवर वापरत आलो आहे, आणि हे परीक्षण त्या वापरावर आधारलेले आहे. त्याचा वेग वाखाणण्यासारखा आहे, पण एखाद्या संख्येविषयी काय सिद्ध झालेले आहे आणि काय केवळ अत्यंत संभाव्य आहे यांमधली सीमा हा प्रोग्राम वापरणाऱ्याच्या हाती देतो, हा त्याचा गुण मला वेगापेक्षा कितीतरी मोठा वाटतो.

प्रोग्राम उघडला की एक प्रश्नचिन्ह दिसते आणि त्यापुढे आपण आज्ञा लिहायची. आज्ञा रोमन लिपीतच टंकित कराव्या लागतात. या लेखात त्या देवनागरीत दिल्या आहेत. नवख्याने सुरुवात ओळखीच्या संख्येपासून करावी, म्हणून मी विद्यार्थ्यांना सोलापूरचा पिनकोड ४१३००१ द्यायला सांगतो. ‘फॅक्टर’ ही आज्ञा दिली की डाव्या स्तंभात मूळ अवयव आणि उजव्या स्तंभात त्यांचे घातांक अशी मांडणी समोर येते, आणि तीवरून ४१३००१ = ३² × १०९ × ४२१ असे कळते. ‘न्यूमडिव्ह’ने विभाजकांची संख्या १२ मिळते, ‘सिग्मा’ने सर्व विभाजकांची बेरीज ६०३४६० मिळते, आणि ‘ऑयलरफाय’ने हे कळते की ४१३००१ पर्यंतच्या संख्यांपैकी २७२१६० संख्यांचा या संख्येशी १ शिवाय कोणताही सामाईक विभाजक नाही. ही तिन्ही उत्तरे मूळ अवयवांवरून हातानेही काढता येतात, आणि पहिल्या दिवशी ती हातानेच काढून घ्यावीत असा माझा आग्रह असतो, कारण विभाजकांची बेरीज म्हणजे १३ × ११० × ४२२ हा गुणाकार आहे हे एकदा वहीवर उमगले की आज्ञेमागे काय चालते ते विद्यार्थ्याला दिसू लागते.

याच संख्येच्या अंकांची बेरीज ९ येते आणि ९ ने तिला निःशेष भाग जातो. आपल्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना हर्षद संख्या हे नाव देवळालीच्या द. रा. कापरेकर यांनी दिले. ६१७४ या स्थिरांकामुळे त्यांचे नाव जगभरातील गणितप्रेमींना ठाऊक आहे. ४१३००१ ते ४१३००६ या सहा संख्या तपासल्या तर ४१३००१ आणि ४१३००४ या दोनच हर्षद निघतात, आणि हा निष्कर्ष एका ओळीच्या आज्ञेत मिळतो. पुढे, ३ चा घातांक सम असल्यामुळे आणि १०९ व ४२१ या दोन्ही मूळ संख्यांना ४ ने भागल्यावर बाकी १ उरत असल्यामुळे, ४१३००१ ही दोन वर्गांची बेरीज असलीच पाहिजे. शोधल्यावर ३२४² + ५५५² आणि ५७६² + २८५² अशा दोन जोड्या हाती येतात, आणि या दोनखेरीज तिसरी जोडी नाही.

मला सर्वांत आवडणारा प्रश्न मात्र वेगळा आहे. १ ला ४१३००१ ने भागत गेले तर दशांश अपूर्णांकातील अंकांचा गट किती अंकांनंतर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो? १०९ साठी ही आवर्तनाची लांबी १०८ आहे, ४२१ साठी १४०, आणि ९ साठी केवळ १. दोन वेगवेगळ्या लांबीच्या नक्षी एकाच चादरीवर शेजारी शेजारी विणल्या तर त्या दोन्ही एकाच ओळीवर पुन्हा सुरू होण्यासाठी दोन्ही लांबींच्या लसाविइतक्या ओळी जाव्या लागतात, आणि सोलापूरच्या पूर्व भागात ज्यांच्या घरी किंवा शेजारी माग चालतो त्या मुलांना हे समजावून सांगावे लागत नाही. १०८ आणि १४० यांचा लसावि ३७८० आहे, आणि ‘झेडएनऑर्डर’ ही आज्ञाही ३७८० हेच उत्तर देते. म्हणजे ४१३००१ हा छेद असलेला हा अपूर्णांक तीन हजार सातशे ऐंशी अंकांनंतर स्वतःची पुनरावृत्ती करतो. एवढे अंक वहीत लिहून पडताळणे अशक्यप्राय आहे, पण प्रोग्राम ते सगळे अंक छापूनही दाखवतो.

पिनकोड हा उंबरठाच. मोठ्या संख्यांकडे वळताना मी परार्धापासून सुरुवात करतो. भास्कराचार्यांनी लीलावतीत एक, दश, शत येथपासून परार्धापर्यंत जी अठरा स्थाननामे दिली आहेत त्यांतील शेवटचे परार्ध म्हणजे १ वर सतरा शून्ये. स्वतः परार्धात पाहण्यासारखे फारसे नाही, कारण त्याचे मूळ अवयव फक्त २ आणि ५. परंतु त्याच्या लगेच पुढची संख्या, परार्ध अधिक १, ही ११ × १०३ × ४०१३ × २१९९३८३३३६९ अशी फुटते, आणि परार्ध अधिक ३ ही संख्या मूळ आहे. ‘नेक्स्टप्राइम’ या आज्ञेला परार्ध दिला की क्षणात तीच संख्या उत्तर म्हणून येते. हीच संख्या स्प्रेडशीटच्या घरात टंकित केली तर शेवटचा ३ नाहीसा होऊन तेथे कोरा परार्ध उरतो, म्हणजे मूळ संख्येच्या जागी चौतीस मूळ अवयवांची, सतरा वेळा २ आणि सतरा वेळा ५ यांनी बनलेली, संख्या बसते. विद्यार्थ्यांना साधन का बदलायचे हे पटवण्यासाठी मला यापेक्षा चांगले उदाहरण मिळालेले नाही.

आता खऱ्या अर्थाने मोठ्या संख्येकडे येतो. २ चा ६७ वा घात घेऊन त्यातून १ वजा केला की १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ ही एकवीस अंकी संख्या मिळते. सतराव्या शतकात फ्रेंच विद्वान मेर्सेन यांनी अशा स्वरूपाच्या मूळ संख्यांची जी यादी दिली होती तीत तिचा समावेश होता. १८७६ साली एदुआर लुका यांनी ती मूळ नाही असे दाखवले, परंतु तिचा एकही अवयव त्यांना देता आला नाही. अवयव मिळाले ते १९०३ साली, जेव्हा फ्रँक नेल्सन कोल यांनी अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७ हा गुणाकार फळ्यावर करून दाखवला. पारी-जीपी हे दोन्ही अवयव, आज्ञा देऊन बोट उचलेपर्यंत, समोर ठेवतो.

या उदाहरणाजवळ थोडे थांबण्यासारखे आहे, कारण अवयव ठाऊक नसताना संख्या संयुक्त असल्याचे कसे कळते, हा प्रश्न प्रत्येक वर्गात विचारला जातो आणि तो विचारला गेलाच पाहिजे. फर्माच्या छोट्या प्रमेयानुसार, न ही मूळ संख्या असेल आणि तिने अ ला भाग जात नसेल, तर अ चा (न − १) वा घात न ने भागल्यावर बाकी १ उरते. बाकी १ सोडून दुसरी काही आली तर न संयुक्त आहे हे सिद्ध झाले, मग तिचे अवयव कोणाला माहीत असोत वा नसोत. प्रोग्राममध्ये ही चाचणी एका ओळीत लिहिता येते. वरील एकवीस अंकी संख्येसाठी अ = २ घेतले तर बाकी १ येते आणि संख्या मूळ असल्याचा भास होतो; २ चा मूळ घातांकी घात वजा १ अशा रूपाच्या कोणत्याही संयुक्त संख्येबाबत हे घडतेच, कारण त्या संख्येच्या घडणीतच २ आहे. अ = ३ घेतले की बाकी १ येत नाही आणि तिचे संयुक्तपण उघड होते. विद्यार्थ्याने हे दोन प्रयोग लागोपाठ स्वतः केले पाहिजेत. एक चाचणी उत्तीर्ण होणे म्हणजे सिद्धता नव्हे, हे त्याला तेथेच कळते, आणि पारी-जीपीतल्या ज्या दोन आज्ञांचा फरक मी पुढे सांगणार आहे त्याचे कारणही तेथेच सापडते.

त्या दोन आज्ञा म्हणजे ‘इजस्यूडोप्राइम’ आणि ‘इजप्राइम’. पहिली आज्ञा बेली, पॉमरन्स, सेल्फ्रिज आणि वॅगस्टाफ यांच्या नावांनी ओळखली जाणारी चाचणी लावते. ही चाचणी दोन वेगळ्या प्रकारच्या चाचण्यांचा संयोग आहे, अत्यंत वेगवान आहे, आणि तिला फसवणारी एकही संयुक्त संख्या आजवर कोणालाही सापडलेली नाही. २ च्या ६४ व्या घातापेक्षा लहान असलेल्या सर्व संख्यांसाठी तर ती कधीच चुकत नाही हे पडताळून झालेले आहे, त्यामुळे त्या मर्यादेच्या आत तिचे उत्तर हीच सिद्धता. ही मर्यादा किती मोठी आहे हे बुद्धिबळाच्या पटावर दाणे दुप्पट करत जाण्याच्या गोष्टीवरून सर्वांना ठाऊक असते: त्या सर्व दाण्यांची बेरीज १८४४६७४४०७३७०९५५१६१५, म्हणजे बरोबर या मर्यादेच्या एक अलीकडे. (या संख्येचे अवयवही पाहण्यासारखे आहेत: ३, ५, १७, २५७, ६४१, ६५५३७ आणि ६७००४१७. फर्मा यांना मूळ वाटलेली ४२९४९६७२९७ ही संख्या १७३२ साली ऑयलर यांनी ६४१ × ६७००४१७ अशी फोडली, आणि ते दोन्ही अवयव येथे हजर आहेत.) मर्यादेच्या पलीकडे मात्र ‘इजस्यूडोप्राइम’चे होकारार्थी उत्तर म्हणजे जवळजवळ खात्री, आणि पूर्ण सिद्धता हवी असेल तर ‘इजप्राइम’ वापरावी लागते, जी जास्त वेळ घेते परंतु शंका ठेवत नाही.

इतकेच करून हा प्रोग्राम थांबत नाही. ‘प्राइमसर्ट’ ही आज्ञा मोठ्या मूळ संख्येसाठी प्रमाणपत्र तयार करते, म्हणजे अशा आकड्यांची मालिका की जी हाती आल्यावर दुसरा कोणीही, दुसऱ्या यंत्रावर, संख्या मूळ असल्याची सिद्धता स्वतंत्रपणे तपासू शकतो. तपासणीसाठी ‘प्राइमसर्टइजव्हॅलिड’ ही वेगळी आज्ञा आहे, आणि प्रमाणपत्र तयार करण्यापेक्षा तपासणे बरेच जलद होते. एकाने सिद्धता द्यावी आणि दुसऱ्याने ती तपासावी, ही गणिताची रीत सोलापुरातल्या बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याला स्वतःच्या हाताने अनुभवता यावी याचे मला फार मोल वाटते. २ चा १२७ वा घात वजा १ ही एकोणचाळीस अंकी संख्या मूळ असल्याचे लुका यांनी १८७६ साली यंत्राविना दाखवले होते. त्या संख्येचे प्रमाणपत्र वर्गात एका संगणकावर तयार करून दुसऱ्यावर तपासले की विद्यार्थ्यांच्या मनात त्या गणितज्ञाविषयी जो आदर निर्माण होतो तो व्याख्यानाने होत नाही. आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी २००२ साली मूळपणा नेहमीच बहुपदीय वेळेत, म्हणजे संख्येतील अंकांच्या संख्येच्या एखाद्या ठरावीक घाताच्या प्रमाणातच वाढणाऱ्या वेळेत, ठरवता येतो हे सिद्ध केले. ही पद्धत सैद्धांतिकदृष्ट्या ऐतिहासिक आहे, परंतु प्रत्यक्ष कामात लंबवृत्तीय वक्रांवर आधारलेल्या पद्धतीसारख्या इतर पद्धती जलद पडतात, म्हणून पारी-जीपी तशा पद्धती वापरतो.

माझा या प्रोग्रामवरचा सर्वांत गंभीर आक्षेपही याच संदर्भात आहे. ‘फॅक्टर’ ही आज्ञा जे मूळ अवयव छापते ते २ च्या ६४ व्या घाताच्या मर्यादेपलीकडचे असतील तर, कोणताही पर्याय न बदलल्यास, केवळ पहिल्या, म्हणजे संभाव्यतेच्या, चाचणीतून गेलेले असतात. ते सिद्ध झालेले नसतात. सिद्धता हवी असल्यास ‘फॅक्टर_प्रूव्हन’ हा पर्याय स्वतः चालू करावा लागतो. मदतपुस्तिकेत हे स्पष्ट लिहिलेले आहे आणि वेग टिकवण्यासाठी केलेली ही निवड तज्ज्ञाला सोयीचीच वाटेल. तरीही नवशिक्याला पडद्यावरचे दोन स्तंभ पाहून सगळे अवयव सिद्ध आहेत असेच वाटणार. ज्या प्रोग्रामने सिद्ध आणि संभाव्य यांतील भेद इतक्या काटेकोरपणे राखला आहे, त्याने येथेही पूर्ण खात्रीचा मार्ग आधी आणि वेगाचा मार्ग मागितल्यावर, असा क्रम ठेवायला हवा होता. प्रत्येक शिक्षकाने प्रयोगशाळेतील सर्व संगणकांवर हा पर्याय आरंभीच चालू करून ठेवावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

वेगाची कल्पना येण्यासाठी एक प्रयोग सांगतो. तीस अंकी दोन यादृच्छिक मूळ संख्या घेऊन त्यांचा गुणाकार करावा आणि तो ‘फॅक्टर’ला द्यावा. साध्या संगणकावर हे काम काही सेकंदांत उरकते. चाळीस अंकी दोन मूळ संख्यांचा गुणाकार दिला तर मिनिटे लागतात, आणि पन्नास अंकी दोन संख्यांच्या गुणाकारासाठी तासांची तयारी ठेवावी लागते. गुणाकार करायला तिन्ही वेळा लागणारा काळ मात्र मोजण्याइतकाही नसतो. अनेक संकेतस्थळांच्या सुरक्षा प्रमाणपत्रांत वापरली जाणारी आरएसए पद्धत याच विषमतेवर उभी आहे, आणि त्यातील २०४८ बिटांची संख्या ६१७ अंकी असते. १९७७ साली जाहीर आव्हान म्हणून दिलेली १२९ अंकी संख्या १९९४ साली शेकडो स्वयंसेवकांच्या संगणकांनी मिळून फोडली, आणि २०२० साली फोडलेल्या २५० अंकी संख्येसाठी एका प्रोसेसर-गाभ्याच्या हिशेबाने सुमारे २७०० वर्षांचे काम लागले. त्या आकाराच्या संख्यांसाठी पारी-जीपी बनलेलाच नाही. त्यासाठी कॅडो-एनएफएससारखे वेगळे प्रोग्राम आहेत, आणि केवळ अवयव पाडण्याचाच ध्यास असेल तर ऐंशी-शंभर अंकांच्या टप्प्यात याफू हा प्रोग्राम अधिक जलद आहे. मात्र अवयव मिळाल्यावर त्या संख्येला पुढचे शंभर प्रश्न विचारण्याची सोय त्यांत नाही.

तासन्‌तास चालणाऱ्या कामाबाबत सोलापूरच्या परिस्थितीत एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘फॅक्टर’ आपले अर्धवट काम तबकडीवर साठवून ठेवत नाही, त्यामुळे मे महिन्यात दुपारी वीज गेली आणि संगणकाला बॅटरीचा आधार नसेल तर सगळे काम पहिल्यापासून करावे लागते. लांबचे गणित लॅपटॉपवर किंवा रात्री लावावे. त्याचप्रमाणे, आरंभी प्रोग्रामला दिलेली स्मृती लहान असते आणि मोठ्या कामात ती भरली की स्टॅक अपुरा पडल्याची सूचना येऊन काम थांबते. ‘पॅरीसाइझमॅक्स’ या पर्यायाने मर्यादा वाढवून ठेवल्यास ही अडचण उद्‌भवत नाही.

वापरातील बाकीच्या अडचणी लहान आहेत, परंतु मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना त्या जाणवतात. देवनागरी अंक प्रोग्राम ओळखत नाही. ४,१३,००१ असे स्वल्पविराम देऊन लिहिले तर तो त्याला एक संख्या मानत नाही. संख्येत दशांशचिन्ह टाकले की, त्यापुढे शून्यच असले तरी, ती पूर्णांक राहत नाही आणि मूळपणाची चाचणी नाकारली जाते. उत्तरातील लांब संख्या सलग छापली जाते, लाख-कोटींचे किंवा हजारांचे कोणतेही गट पाडले जात नाहीत, त्यामुळे चाळीस अंकी उत्तर वहीत उतरवताना चुका होतात. विद्यार्थ्यांनी ते उतरवण्याऐवजी फाइलमध्ये साठवावे. मदत मात्र उत्तम आहे: आधी स्वतः एक प्रश्नचिन्ह टंकित करून त्यापुढे आज्ञेचे नाव लिहिले की तिचे थोडक्यात वर्णन लगेच मिळते. ते इंग्रजीत असते, पण वाक्ये आखूड आणि नेमकी आहेत. आमच्या वर्गात घरी तेलुगू बोलणारी, कन्नड बोलणारी आणि मराठी बोलणारी मुले एकत्र बसतात, आणि एकाने दुसऱ्याला आज्ञा समजावून देताना कोणतीच भाषा आड आल्याचे मी पाहिलेले नाही. फोनवरील आवृत्ती चालते, परंतु चौकटी कंस आणि घाताचे चिन्ह शोधण्यात वेळ जातो. गंभीर कामासाठी कळफलक असलेले यंत्रच घ्यावे.

ज्याला केवळ परीक्षेपुरता मसावि-लसावि हवा आहे त्याने हा प्रोग्राम बसवण्याची गरज नाही. त्याच्यासाठी कॅल्क्युलेटर पुरेसा आहे. गणित ऑलिंपियाडची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्याला, बी.एस्सी. किंवा एम.एस्सी.ला संख्यासिद्धांत घेतलेल्याला, आणि संख्यांची आवड असलेल्या कोणत्याही वयाच्या माणसाला मी तो निःसंकोचपणे सुचवतो. एकट्याने सुरुवात करणाऱ्याने २ चा १२८ वा घात अधिक १ ही संख्या घ्यावी. ती संयुक्त असल्याचे १९०५ साली मोरहेड आणि वेस्टर्न यांनी दाखवले होते, पण तिचे ५९६४९५८९१२७४९७२१७ आणि ५७०४६८९२००६८५१२९०५४७२१ हे अवयव मॉरिसन आणि ब्रिलहार्ट यांना १९७० साली मिळाले. आधी फर्माच्या चाचणीत अ = ३ घेऊन बाकी काढावी, मग ‘फॅक्टर’ द्यावा, मग मिळालेल्या दोन्ही अवयवांना ‘इजप्राइम’ लावावी. लहान अवयव २ च्या ६४ व्या घाताच्या आत बसतो आणि मोठा त्याच्या बाहेर जातो, म्हणून दोन्हींना ‘प्राइमसर्ट’ देऊन पाहावे: पहिल्यासाठी प्रोग्राम ती संख्याच परत करतो आणि दुसऱ्यासाठी पूर्ण प्रमाणपत्र छापतो.